परतीचं पाणी

दिवे घाटात तिसऱ्या वळणावर
काटा लाल रेघेला टेकायचा
आणि माझी बारा-दहा, माझ्याहून सहाच वर्षांनी लहान,
बॉनेटखालून थुंकायची.
रस्त्यावर गंजकट ओघळ,
मागच्या टेम्पोवाल्याची शिवी,
चाकाखाली दगड लावायला पळणारा मोहसिन.
सासवडला पोचेपर्यंत रेडिएटर दोन लिटर हलका.
मग पुन्हा नळाचं पाणी, पुन्हा गंज.

मंतरवाडीचा नझीर मिस्त्री म्हणाला,
हिला बाटली नाहीच.
उकळलं की बाहेर. गेलं ते गेलं.
नवी टाकी साडेअठराशे, पट्टी-बोल्ट वेगळे.

रविवारी जुन्या बाजारात
दोन हात रबरी नळी घेतली, वास घेऊन, पिळून बघून.
दोन क्लॅम्प. आणि दोन व्हॉल्व्हचं झाकण,
एक व्हॉल्व्ह दाब वाढला की सोडणारा,
दुसरा गार झालं की आत ओढणारा.
विकणाऱ्यानं अंगठ्यानं दाबून दाखवलं.
म्हणाला, तुमच्या जुन्याला नुसतं जाऊ देणं माहीत होतं.

बरणी घरातली.
पाच लिटरची, जाड, दुधी प्लास्टिकची,
तळाला लोणच्याच्या हळदीचा न निघणारा डाग.
रंजनाला विचारलं नाही.
विचारायला बोलावं लागतं
आणि आमचं बोलणं गौरी उठल्यापासून बंद.
सुरुवात फ्रिजच्या हप्त्यावरून झाली होती बहुतेक.

गॅसवर खिळा लाल केला, झाकणाला भोक पाडलं,
नळी चार बोटं आत सोडली,
भोवती एम-सील थापलं, कुठून श्वास जाणार नाही असं.
जुनी नंबरप्लेट वाकवून कडी केली.
पहाटेपर्यंत मला माझंच कौतुक वाटत होतं.

ती नाइट करून आली.
ससूनला छातीच्या वॉर्डात आहे, मावशी म्हणतात तिला.
डबा ओट्यावर ठेवला. बरणी ओळखली.
मी मान खाली घालून तयार राहिलो.
तिनं झाकण उजेडाकडे धरलं.
"असा तर पेशंट मारशील."

मग उभ्या उभ्याच सांगत गेली:
छातीतलं पाणी काढतात तिथं बाटली अशीच असते,
एक नळी पाण्यात बुडलेली, दुसरी उघडी.
बुडलेली वर आली तर माणूस हवा ओढतो.
उघडी कुणाच्या पायाखाली मुडपली तर
एकदा रात्री तीन वाजता…
तिथंच थांबली.
"खिळा दे."

दुसरं भोक तिनं पाडलं.
नळी पार तळापर्यंत ढकलली, डागाला टेकवली,
टोक तिरकं कापलं, चिकटू नये म्हणून.
मग नखपॉलिशच्या बाटलीतनं
बरणीवर बाहेरून दोन रेघा ओढल्या.
खालची गार. वरची गरम.
अक्षर वाईट आहे तिचं, पण वाचता येतं.
बरणी कुणाची, हे दोघांनीही काढलं नाही.

त्याच दिवशी विटा भरल्या.
तिसरं वळण. चौथं.
मोहसिन दगड मांडीवर घेऊन बसलेला,
उतरायची सवय पायात तशीच.
वर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं:
पाणी वरच्या रेघेला. रस्ता कोरडा.

सासवडला इंजिन बंद केलं आणि उभा राहिलो.
हमालांनी अर्धा ट्रक रिकामा केला,
माझ्या हातातला चहा साय धरून बसला.
मग बरणीतलं पाणी खाली जाऊ लागलं,
आवाज न करता, नळीतून, आल्या वाटेनं.

फोन लावला. तिची झोपमोड होणार हे ठाऊक असून.
"परत गेलं का?"
गेलं, म्हटलं. खालच्या रेघेला एक बोट कमी पडतंय.
उशीवर कूस बदलल्याचा आवाज आला.
"मग कुठंतरी गळतंय अजून," ती म्हणाली,
"क्लॅम्प बघ. मी आहे फोनवर."